नाव बदललंय, पण आई तीच आहे ना?

मॅडम,

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. विषय आहे ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या हातातला पैसा. दोन हंगाम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर, मराठवाड्यातून आलेल्या टोळीबरोबर राहिले. पहाटे त्यांच्याबरोबर फडात जायचे, मोळ्या बांधायला शिकले, रात्री कोपीत झोपायचे. एका मावशींनी मला लेकीसारखं सांभाळलं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले सुटे पैसे त्या नवऱ्याला कळू न देता एका किराणा दुकानदाराकडे ठेवतात, मुलीच्या होस्टेलच्या फीसाठी. हे त्यांनी मला दुसऱ्या हंगामात सांगितलं. माझं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण त्यावर उभं आहे.

गेल्या महिन्यात त्यातला काही भाग एका इंग्रजी ऑनलाइन जर्नलमध्ये आला. आनंदाच्या भरात लिंक स्टेटसला ठेवली. मावशींची मुलगी आता कॉलेजात आहे. तिनं फोनवर मराठी करून सगळा लेख वाचला. तिचा मेसेज आला, ‘ताई, नाव बदललंय, पण आई तीच आहे ना? पप्पांना कुणी वाचून दाखवलं तर?’

माझे गाइड म्हणतात, संमतिपत्रावर अंगठा आहे, गावाचं-माणसांचं नाव बदललंय, सगळं नियमात बसतं. एकेकीचं ऐकत बसलीस तर प्रबंध व्हायचा नाही. टोळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही मी आहे, तिथले मेसेज पुढच्या प्रकरणात घ्यायचे आहेत. डिसेंबरात प्रबंध द्यायचा आहे. त्या मुलीला काय सांगू? आणि हे प्रकरण काढलं तर माझ्याकडे उरतं काय?

— नाव छापू नका

(पत्र छापण्याआधी लेखिकेशी बोलून पैसा कशाचा, कुणाकडे ठेवला आणि कशासाठी, हे तिन्ही तपशील बदलले आहेत. उत्तरात ज्या खुणा आल्या आहेत त्याही बदललेल्याच आहेत. मुलीचं वाक्य तिला विचारून घेतलं आहे.)

लिंक आधी काढ. स्टेटस एका दिवसात गेलं असेल, पण विभागाच्या ग्रुपवर, प्रोफाइलवर, जिथं जिथं टाकली असशील तिथून काढ. मग जर्नलच्या संपादकांना मेल कर. या लेखातल्या अमुक परिच्छेदांमुळे एका बाईची ओळख पटते आहे आणि तिला घरात त्रास होऊ शकतो, तरी ऑनलाइन प्रत तूर्त खाली घ्यावी आणि सुधारलेली चढवू द्यावी, एवढंच लिही. मेलमध्ये पुन्हा तिची कहाणी सांगत बसू नको. छापील अंकाच्या काळात ही सोय नव्हती, आता आहे. हे झालं की पुढचं वाच.

मुलीचं म्हणणं बरोबर आहे. तू लेख सोबत जोडलास म्हणून खात्रीनं सांगते. मावशींचं नाव बदललंस, तालुका बदललास, कारखान्याचं नाव गाळलंस. पण त्याच पानावर दुकानदार येतो. कारखान्याच्या गेटसमोर मारुतीच्या देवळाला लागून त्याचं दुकान आहे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली आहे आणि ठेवीचे पैसे तो वहीत साबणाच्या वड्या म्हणून मांडतो, म्हणजे कुणी वही उघडली तरी उधारीच वाटावी. पुढे मुलगी येते, टोळीतली बारावी झालेली एकटीच. साबणाच्या वड्यांची नोंद वाचून मला तुझा हेवा वाटला. असं काही हाती लागावं म्हणून लोक वर्षानुवर्षं फिरतात. पण टोळीतल्या कुणालाही हा उतारा वाचून दाखव, दुसऱ्या ओळीला तो मावशींचं खरं नाव सांगेल. आपल्या लिखाणाला वजन येतं ते अशा बारकाव्यांनी, आणि माणूस उघडा पडतो तोही त्यांनीच.

टोपणनाव परक्यांपासून लपवतं. पुण्यातला किंवा शिकागोतला वाचक मावशींना ओळखत नाही, आणि ओळखून त्याला काही करायचंही नाही. खरी भीती नवऱ्याची, दिराची, टोळी आणणाऱ्या मुकादमाची, शेजारच्या कोपीतल्या जावेची. त्यांना नावाची गरजच पडत नाही. आपल्या शास्त्रानं गुप्ततेचे नियम केले ते दूरच्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून, आणि जवळचा माणूस वाचेल ही शक्यता बराच काळ कुणी धरलीच नाही.

जवळच्यांनी वाचलं की काय होतं, याचे दाखले जुने आहेत. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहानशा गावाचा अभ्यास १९५८ मध्ये पुस्तकरूपात छापला. गावाला ‘स्प्रिंगडेल’ हे खोटं नाव दिलं, माणसांनाही दिली. कुणी ओळखू येणार नाही असं त्या संशोधन प्रकल्पानं गावाला सांगितलं होतं. गावानं पुस्तक वाचलं आणि एकूण एक माणूस ओळखला. पुढे ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत गावकरी मुखवटे घालून, पुस्तकातली खोटी नावं लावलेल्या गाड्यांतून निघाले. सगळ्यात शेवटी शेतात खत पसरायचं यंत्र होतं, आणि त्या शेणखतावर ओणवा झालेला लेखकाचा पुतळा. आपल्याकडे शिमग्याला काढतात तशातलीच ती धिंड. हसू येतं, पण ज्यांना ती नावं दिली होती त्यांचा संताप त्यात होता. शिवाय भांडण नुसतं नावांचं नव्हतं. गावातली सत्ता मोजक्या लोकांच्या हातात कशी आहे, हे पुस्तकानं उघड केलं होतं. त्यातला किती राग दुखावलेल्यांचा आणि किती सत्ताधाऱ्यांचा, हे वेगळं करणं सोपं नाही. मुकादमाकडे वळल्यावर हे पुन्हा लागेल.

दुसरा दाखला आयर्लंडचा. नॅन्सी शेपर-ह्यूजेस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी केरी परगण्यातल्या एका खेड्यातल्या मानसिक आजारावर १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं. गावाचं नाव बदललं होतं. पुस्तकाला मोठा मान मिळाला. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, बाई परत गेल्या तेव्हा गावानं त्यांना राहू दिलं नाही, निघून जावं लागलं. नंतर त्यांनी जे लिहिलं ते तुझ्या कामाचं आहे. टोपणनाव दिलं की समोरासमोर पाळतो ती मर्यादा लिहिताना आपण विसरतो, असं त्यांना वाटू लागलं होतं. मावशींच्या तोंडावर, नवरा शेजारी बसलेला असताना, साबणाच्या वड्यांचा विषय तू काढला असतास का?

तुझ्या गाइडवर मात्र फार चिडू नको. ते ज्या काळात शिकले त्या काळात प्रबंध म्हणजे पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातली काळ्या बांधणीची प्रत; उघडणार कोण, तर पुढचा पीएच.डी.वाला. त्यात तो इंग्रजीत. अभ्यासलेल्या माणसापासून अभ्यास लपवायला इंग्रजीसारखा दुसरा पडदा नव्हता, आणि तो आपण मुद्दाम लावलेला नसल्यानं त्याची जबाबदारीही कुणी घेतली नाही. आता यूजीसीच्या नियमानं प्रबंध शोधगंगेवर, प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढतो, कुणीही उतरवून घेऊ शकतो. भाषेचा पडदा फोननं काढला. आणि ज्यांच्यावर लिहितो त्यांची पोरं कॉलेजात पोचली. माझ्या मते आपल्या क्षेत्रात गेल्या पंचवीस वर्षांत झालेला हा सगळ्यात मोठा बदल. बाकी चर्चासत्रांत जे चालतं ते चालू दे.

आता तो अंगठा. ऊसतोडीच्या माणसाचा अंगठा आणखी कुठे लागतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेताना मुकादमानं पुढे केलेल्या स्टॅम्पपेपरवर लागतो, कधी तो कागद कोराच असतो. अशा बाईपुढे विद्यापीठाचं चिन्ह असलेला कागद ठेवून तू ‘इथं करा’ म्हणालीस आणि तिनं केलं. शिकलेल्या माणसानं पुढे केलेल्या कागदाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

हा फॉर्म आपल्या कामासाठी शिवलेला नाही. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखातं काळ्या पुरुषांचा सिफिलिस, उपचार न देता, नुसता बघत राहिलं. ते उघडकीला आल्यावर १९७४ चा कायदा आणि १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल आला, आणि परवानगी देणाऱ्या समित्या व संमतीची चौकट उभी राहिली. समाजशास्त्राच्या खात्यावरही तेव्हा बरंच काही जमा होतं. लॉड हम्फ्रीज या विद्यार्थ्यानं सेंट लुईसच्या बागांमधल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत चालणारे पुरुषांचे आपसांतले लैंगिक व्यवहार पहारेकऱ्याच्या भूमिकेतून पाहिले, त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून पत्ते काढले, आणि वर्षभरानं वेश पालटून आरोग्य-पाहणीच्या नावाखाली त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. पुस्तक १९७० मध्ये आलं. त्यानं कुणाचं नाव फोडलं नाही, उलट अशा माणसांबद्दलचे गैरसमज दूर करायला ते पुस्तक उपयोगी पडलं. तरी ती यादी पोलिसांच्या हाती पडती तर किती संसार आणि नोकऱ्या गेल्या असत्या, याचा हिशोब नाही. असल्या गोष्टींना आळा म्हणून लेखी संमती हवीच होती.

पण इंजेक्शन देण्याआधी काय टोचणार हे सांगता येतं. पहिल्या हंगामात कोपीत राहायला गेलीस तेव्हा दुसऱ्या हंगामात मावशी काय सांगतील हे तुलाही माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. मग पहिल्या हंगामातला अंगठा दुसऱ्या हंगामातल्या गोष्टीला कसा चालेल? मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं आरोग्यविषयक समाजविज्ञान संशोधनासाठीची नीतितत्त्वं २००० मध्येच तयार झाली. म्हणजे हा विचार आपल्याकडे काल आलेला नाही. तरी विद्यापीठांतून अजून ‘फॉर्म भरलाय ना?’ इतकंच विचारलं जातं. संमती तोंडी चालेल, ध्वनिमुद्रित चालेल, पण ती ज्या त्या वेळी घ्यायची. आणि ऐकताना मिळालेली वेगळी, छापतानाची वेगळी. मावशींनी तुला सांगितलं ते लेक समजून. जर्नलला सांगितलेलं नाही.

तर आता मावशींना भेट. मुलगी हुशार आहे, काळजीनं बोलते आहे, पण मुलगी म्हणजे आई नव्हे, आणि आईचा निर्णय तिच्याकडून घ्यायचा नाही. टोळी सध्या गावी असेल, दसरा झाला की गाड्या हलतील, त्याआधी जा. गावी नवरा घरातच असतो, त्यामुळे कागद घेऊन दारात उभी राहू नको. आईला मोकळेपणी कुठे भेटता येईल ते मुलीला विचार. आठवडी बाजार, माहेर, दवाखान्याचं निमित्त, त्या काढतील काहीतरी. नवऱ्यापासून पैसे लपवणाऱ्या बाईला अर्धा तास लपवणं काही अवघड नाही. तिथे तो उतारा मराठीत, त्यांच्या बोलीत, वाचून दाखव. ‘मी तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय’ असा सारांश सांगू नको. पूर्ण उतारा वाच, दुकानदारासकट, आणि तो कुठे, कुणाला दिसू शकतो तेही सांग. मग गप्प बस.

त्या बहुधा म्हणतील, ‘राहू दे की, खरंच हाय ते.’ आलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं, हे धरून चाल. म्हणून ‘ठेवू का?’ असं विचारू नको. ‘यातलं काय काढू?’ असं विचार, म्हणजे काढायला सांगणं त्यांना सोपं जाईल. दुकानदाराची खूण मात्र त्या हो म्हणाल्या तरी काढच. त्याला तू विचारलेलं नाहीस, आणि त्याच्या वहीत आणखी बायकांच्या साबणाच्या वड्या असणार.

म्हणजे प्रकरण गेलं का? नाही. तूच लेखात ओझरतं लिहिलंयस की इतर बायकाही कुठे ना कुठे पैसा ठेवतात; कुणी माहेरच्या भावाकडे, कुणी भिशीत, कुणी डोरल्यात मणी वाढवून. तुझा शोध हा आहे. उचल जोडप्याच्या नावावर चढते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि पैसा घेतो नवरा. या हिशोबात बाईच्या हाताला काहीच लागत नाही असं जे सगळे लिहितात, ते पूर्ण खरं नाही. हे मांडायला चष्म्याची काडी लागत नाही. कुठली बाई कुठे ठेवते याची सांगड तोड, आणि व्यवहार लिही. एवढं कर की चारजणींची मिळून एक बाई रचू नको. मग ती गोष्ट होते, आणि गोष्ट लिहायला पीएच.डी. लागत नाही. जे बदललं त्याचा प्रकार पद्धतीच्या प्रकरणात सांग, जसं आम्ही तुझ्या पत्राखाली सांगितलं. वाचकाला फसवायचं नाही, फक्त वाट दाखवायची नाही.

लपवण्याचाही अतिरेक होतो. अ‍ॅलिस गॉफमन यांचं फिलाडेल्फियातल्या पोलिसांना चुकवत जगणाऱ्या काळ्या तरुणांवरचं पुस्तक २०१४ मध्ये गाजलं. त्या मुलांना धोका नको म्हणून त्यांनी नोंदवह्या नष्ट केल्या होत्या. मग स्टीव्हन ल्युबे या कायद्याच्या प्राध्यापकांनी एकेक प्रसंग उचलून विचारायला सुरुवात केली, हे खरंच असं घडलं का? दाखवायला काही शिल्लक नव्हतं. एका प्रसंगात तर मित्राच्या खुन्याला शोधायला निघालेल्या गाडीचं चाक लेखिकेच्याच हातात होतं, आणि ही गुन्ह्यातली भागीदारी आहे असं ल्युबे यांनी बजावलं. माझं मत विचारशील तर वह्या नष्ट करण्यामागची भीती मला पटते, कृती नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची टिपणं १९७० मध्ये स्टॅनफर्डला कुणीतरी लावलेल्या आगीत जळाली, प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती गेल्या, आणि त्यांनी म्हैसूरजवळच्या त्या गावावर आठवणीतून पुस्तक लिहिलं. तिथं वाचकाला पहिल्याच पानांत माहीत असतं की हे स्मरणातलं आहे. आपणहून पुरावा पुसला की तो विश्वास राहत नाही. नाव बदलण्याचीच सवय सोडा म्हणणारेही आहेत. मिचेल डनीअर यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर पुस्तकं विकणाऱ्यांवर १९९९ मध्ये लिहिलं तेव्हा त्यांना हस्तलिखित वाचून दाखवलं आणि बहुतेकांची खरी नावं त्यांच्या मर्जीनं ठेवली. खरं नाव लिहायचं असलं की लेखकाची जीभ आपोआप सैल सुटत नाही, हा त्यातला फायदा. तुझ्या कामात ते चालणार नाही. पुढच्या दसऱ्याला पुन्हा उचल घ्यायची असलेल्या बाईला खरं नाव परवडत नाही.

तेव्हा वह्या ठेव. कुठलं टोपणनाव कुणाचं, ती यादी वह्यांपासून वेगळी, कागदावर, घराबाहेर. फोनमधल्या फोटोंवर ठिकाणाची नोंद असते, ती काढून टाक. आणि ‘मी कुणाला काही सांगणार नाही’ असं वचन यापुढे देऊ नको, कारण ते पाळणं तुझ्या हातात नाही. वकिलाला अशिलाचं बोलणं न सांगण्याचं संरक्षण आपला कायदा देतो, संशोधकाला देत नाही. अमेरिकेतही ते सरसकट नाही. तिथे रिक स्कार्स हा समाजशास्त्राचा विद्यार्थी प्राणिहक्कवाल्या कार्यकर्त्यांबद्दल बोलायला नकार दिला म्हणून १९९३ मध्ये १५९ दिवस तुरुंगात होता. तुझ्या क्षेत्रात आणखी एक गोष्ट अगदी जवळची. तळावर लवकर लग्न लावून दिलेल्या मुली तुला भेटल्या असणार. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे, आणि संशोधकाला त्यातून सूट नाही. हे विद्यापीठाच्या समितीशी आणि एखाद्या जाणत्या वकिलाशी आधी बोलून ठेव. आणि बायकांशी बोलायला बसतेस तेव्हाच सांग, की अमुक प्रकारची गोष्ट कळली तर मला गप्प राहता येणार नाही. त्यानं काही तोंडं मिटतील. मिटू देत.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात. नाही. तुला ग्रुपवर घेतलं ते टोळीतली म्हणून. तिथं टाकलेला एक ‘आता मी यावर लिहिते आहे’ मेसेज वाचून कुणी गप्प बसलं तर ती संमती नव्हे. निम्म्यांनी तो गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली पाहिलाही नसेल. एखादा मेसेज फारच लागणार असेल तर ज्याचा आहे त्याला एकट्याला विचार, आणि शब्दशः देऊ नको, शब्द शोधता येतात. शिवाय ग्रुपवर मुकादम आहे, हे तू लिहिलं नाहीस, पण असणार.

मुकादमाला प्रकरण वाचून दाखवायचं का, हे तू विचारलं नाहीस. उद्या कुणीतरी विचारेल. माझं उत्तर : त्याची बाजू त्याच्या शब्दांत काटछाट न करता लिही, कारखान्याकडून पैसे वेळेवर येत नाहीत, उचल घेऊन माणसं पळतात, हे त्याचंही रडगाणं खरं आहे. पण काढ-ठेव करायचा हक्क त्याला नाही. जिच्यावर उचलीचं ओझं आहे आणि जो ते ओझं लादतो, दोघांना एकाच नियमानं वागवणं म्हणजे न्याय, असं आपल्या समित्यांच्या फॉर्ममध्ये गृहीत धरलेलं असतं. स्प्रिंगडेलच्या सत्ताधाऱ्यांचा राग आणि मावशींची भीती मी एका मापानं मोजणार नाही. खाड्याच्या, म्हणजे कामाला न आल्याच्या, दंडाचे आकडे, कोरे स्टॅम्पपेपर, हे तुझ्याकडे जेवढं पक्कं आहे तेवढं छाप. फक्त ते कुणी सांगितलं हे त्याला कळता कामा नये. तिथे तुझी सगळी लपवण्याची अक्कल खर्च कर.

खाड्यावरून आठवलं. फडात काम चालू असताना मुलाखत घेतलीस तर त्या बाईच्या मोळ्या कमी भरतात. हा खर्च तुझ्या फेलोशिपच्या हिशोबात यायला हवा. ‘पैसे दिले की माहिती बिघडते’ असं पद्धतीच्या तासाला शिकवतात, पण फुकट घेतल्यानं काय बिघडतं ते कुणी शिकवत नाही.

शेवटचा प्रश्न, उरतं काय. इरावती कर्वे पंढरीच्या वारीला चालत गेल्या आणि त्यावर मराठीत लिहिलं. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणं वेगळी होतात, याचं दुःख त्यांनी तिथं झाकून ठेवलं नाही. शास्त्रीय अलिप्तपणा वगैरे त्यांनी बाजूला ठेवला. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो लेख दिंडीतल्या कुणालाही वाचता आला असता. इंग्रजीत आपण स्वतःला ही सवलत देत आलो. राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ज्या विषमतेवर बोट ठेवलं, की अनुभव दलित-बहुजनांनी पुरवायचा आणि सिद्धान्त दुसऱ्यांनी मांडायचा, तिच्यात भाषेच्या या सवलतीचा वाटा मोठा आहे. मावशींच्या मुलीनं तुझा लेख वाचला आणि एका ओळीत तुझ्या पद्धतीतली चूक दाखवली. तुझ्या जर्नलच्या परीक्षकांनी ती पाहिली नाही. तिला आत्ताच सहलेखिका वगैरे करायच्या फंदात पडू नको, तिच्या डोक्यावर आईचं गुपित आहे तेवढं पुरे. पण प्रबंधाचं मराठी टिपण, दहा-पंधरा पानांचं, टोळीतल्या बायकांना वाचून दाखवता येईल असं, डिसेंबरच्या आधी तयार कर. इंग्रजी प्रकरण त्यानंतर पुन्हा लिही. बघ काय काय वाक्यं गळून पडतात.

गाइडना मेल करून भागणार नाही, समोर बस. ‘नियमात बसतं’ हे त्यांचं म्हणणं मान्य कर, कारण ते खरं आहे. मग सांग की हे प्रकरण शोधगंगेवर गेल्यावर एखाद्या बाईला मार बसला तर मार्गदर्शक म्हणून त्यांचंही नाव त्याच पानावर असेल. प्रबंध काही काळ राखून ठेवता येतो का, हे विद्यापीठाला लेखी विचारायला त्यांची सही लागेल, तीही तेव्हाच घे. आणि ओपन व्हायवाला, म्हणजे खुल्या तोंडी परीक्षेत, कुणी परीक्षक म्हणाला की पैसा नेमका कुणाकडे ठेवतात याचा तपशील तोकडा आहे, तर सांग, तपशील माझ्याकडे आहे, सहभागी बायकांशी बोलून गाळला आहे, पान अमुक पाहा. परीक्षक पान उलटतील. बहुधा पुढचा प्रश्न भिशीवर येईल, त्याची तयारी ठेव. तुझ्या लेखातला तो भाग कच्चा आहे.